पाचही पर्याय बाद

माझ्या ताईला कारखान्यात सगळे चाळणी म्हणतात. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक आहे आणि आतून ते तिला आवडतंही. औषधाच्या गोळ्या स्ट्रिपमध्ये बंद होऊन पट्ट्यावरून सरकत येतात, तिथे पांढऱ्या दिव्याखाली केस टोपीत कोंबून ती बसते. चिरलेली गोळी, रिकामं राहिलेलं घर, पुसट छापलेली तारीख, काही दिसलं की स्ट्रिप बाहेर. दिसलं नाही, नुसती शंका आली, तरी बाहेर. आत ठेवायची तर खात्री हवी, असा तिथला नियम आहे. हाच नियम ती घरीही चालवते. चपलांचे जोड दुकानात परत करते, पाहुण्यांसमोर ठेवलेली कपबशी उजेडात धरून बघते, आणि लग्नासाठी भेटायला आलेले दोन भले मुलगे तिने याच नियमाने बाद केले, असं आईचं म्हणणं आहे.

तर या चाळणीने औषधनिर्माणशास्त्रात पुढचं शिक्षण घ्यायचं मनावर घेतलं. तिच्यामागून आलेली पोरं मोठ्या पदव्या घेऊन तिच्या डोक्यावर बसली होती आणि ते तिला सलत होतं. मला असतं तर मलाही सललं असतं. प्रवेशाच्या परीक्षेतलं गणित तिने चुटकीसरशी सोडवलं. घोडं अडलं ते व्हर्बलमध्ये, म्हणजे भाषेच्या भागात. इंग्रजीतले लांबलचक उतारे, गाळलेल्या जागा, प्रत्येकाखाली पाच पर्याय. व्हर्बलमध्ये ठरलेले गुण नसतील तर विद्यापीठ अर्ज उघडूनही बघत नाही. दोनदा तिचे ते हुकले. आता एकच संधी उरली होती, कारण शिकायला रजा कंपनी याच वर्षी देणार होती. मी एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवतो, तेव्हा ही जबाबदारी आपसूक माझ्या गळ्यात पडली.

शिकवायचं म्हणजे आधी तिला बसवायचं. ती बसेचना. हातात शब्दांच्या चिठ्ठ्या घेऊन ओट्यापासून गॅलरीपर्यंत नि गॅलरीपासून ओट्यापर्यंत येरझाऱ्या. मध्येच गॅस बंद आहे का बघायचं, मध्येच दाराची कडी. आई टीव्हीसमोरून म्हणायची, "अगं टेक की जरा. तुझ्याकडे बघून मलाच गरगरतंय."

एका संध्याकाळी मी तिला खुर्चीत बसवलं आणि घड्याळ लावलं. कबुतरं घराची वाट कशी शोधतात, यावर उतारा होता. वेळ संपली. कागद कोरा.

"काय झालं?"

"यात उत्तरच नाही."

"पाच दिलीत की."

"पाचही खराब आहेत. बघ ना. पहिल्यात 'नेहमी' लिहिलंय, लेखक तसं कुठे म्हणतो? दुसरं अर्धंच खरं आहे. तिसरं खरं आहे, पण उताऱ्यात नाही. चौथं उलटं. पाचवं त्यातल्या त्यात बरं, पण या एका शब्दाची मला शंका आहे."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिचं इंग्रजी माझ्या क्लासमधल्या निम्म्या पोरांपेक्षा चांगलं होतं. दोनदा ती नापास झाली ती उत्तरं चुकून नव्हे, सोडून देऊन. शंका आली की बाहेर.

"ताई, सगळ्यात बरोबर शोधू नकोस. सगळ्यात कमी खराब निवड आणि पुढे चल."

मी तिला शिळंपाकं वाढलं असावं तसं तिने माझ्याकडे पाहिलं. "कमी खराब म्हणजे खराबच ना?"

"परीक्षा आहे ती. कोणी ती उत्तरं गिळणार नाहीये."

त्या दिवसापासून मी हात धुऊन तिच्या मागे लागलो. प्रश्नाची वेळ संपली की मी टाळी वाजवायची, तिने एका पर्यायावर खूण करायची, पटो न पटो. सुरुवातीला टाळी वाजली की ती दचकायची, पेन्सिल उचलून धरायची, पाय इतका हलवायची की टेबलावरच्या कपांची किणकिण व्हायची. खूण केल्यावरही मान वळवून मागच्याच प्रश्नाकडे बघत राहायची. मी ओरडायचो. ती माझ्यावर उलटायची. शेजारच्या काकूंनी एकदा आईला हळूच विचारलं, बहीणभावात काही बिनसलंय का म्हणून.

पण गुण वाढू लागले. पाय हलायचा थांबला. एकदा आई पातेल्यात डोकावून म्हणाली, "ही हल्ली भाजी निवडत नाही, निवडल्यासारखं करते. सगळे किडके देठ आत." मी हसलो. मला वाटलं, बरं झालं, पोरगी जरा माणसात आली.

परीक्षा आठवड्यावर आली असताना ती कामावरून आली आणि चपला न काढता दारातच उभी राहिली.

"आज माझ्या हातून एक स्ट्रिप गेली," ती म्हणाली. "एक घर रिकामं वाटलं. मनात आलं, असेल ठीक. हात उचललाच नाही मी. बरीच पुढे गेल्यावर भानावर आले, पट्टा थांबवला आणि खोकी उघडायला लावली."

"सापडली?"

"सापडली. रिकामंच होतं ते घर."

"साहेब काय म्हणाले?"

"म्हणाले, होतं कधीकधी, माल बाहेर तर गेला नाही ना. पण माझ्या हातून होत नव्हतं रे कधी. घेणाऱ्याची त्या दिवसाची गोळी बुडाली असती. मी नाही देत ही परीक्षा. माझी नजर बिघडत चाललीय."

माझं डोकं फिरलं. इतके महिने घसा फोडला तो यासाठी का, असं मी तिला सरळ सुनावलं. तुझ्या डोक्यावर बसलेल्यांना जन्मभर साहेब म्हणत राहा, असंही म्हणालो. शेवटी आईच म्हणाली, "देऊन ये. मग काय ते ठरव."

ती गेली. केंद्रासमोरच्या दुकानाच्या पायरीवर मी ताटकळत बसलो. बसवेना म्हणून उठलो, उभं राहवेना म्हणून बसलो. या परीक्षेचे गुण शेवटी तिथेच पडद्यावर दिसतात. ती बाहेर आली, रस्ता ओलांडला आणि आकडा सांगितला. अटीपेक्षा चांगलाच वर. मला भर रस्त्यात रडू आलं, आणि खोटं कशाला सांगू, छातीही फुगली.

बसमध्ये मी बडबडत होतो.

"किती प्रश्न सोडलेस?"

"एकही नाही. निम्म्यांची खात्री नव्हती. हात आपोआप चालत होता." मग म्हणाली, "उद्या साहेबांना सांगणार आहे, मला पट्ट्यावरून काढा. कॉलेज सुरू होईपर्यंत गोदामात टाका."

"अगं, पास झालीस ना तू?"

"म्हणूनच."

दोन दिवस झोप काढ, सगळं पूर्ववत होईल, असं मी समजावू लागलो. तिने माझ्या हातावर हात ठेवला. रागावलेली मुळीच नव्हती.

"नाही होणार," ती म्हणाली. "तू फार चांगलं शिकवलंस."