चष्मा विसरलेला माणूस

माझ्या पपांचा चष्मा नेमका हवा तेव्हा घरी राहायचा. बँकेत गेले की घरी, इस्पितळात गेले की घरी. "क्लॅरी, वाच गो जरा, चष्मा राहिला." पपा, म्हणजे सगळ्यांचा फ्रेडी, मरोळ गावठाणातला एक नंबरचा फिटर. बंद पडलेला पंप नुसता कान लावून ओळखायचा. अशा माणसाला साधा चष्मा सांभाळता येऊ नये? मम्मा वैतागायची आणि सगळे फॉर्म स्वतःच भरायची.

तीन वर्षांपूर्वी मम्मा गेली. पपा ओट्यावर एकटेच बसायला लागले. चर्चच्या मीटिंगा सोडल्या, दोस्त सोडले. बायको गेल्याचं दुःख, असं सगळे म्हणाले. मी कामाच्या रगाड्यात, जेवण झाकून ठेवायची आणि पळायची. शिवाय खरं सांगते, मला राग होता. शेवटच्या दिवशी मला इस्पितळातून बोलावणंच आलं नाही; मम्माला माझी आठवण कशी आली नाही?

माझी जोआना दुसरीत. एप्रिलमध्ये शाळेतून चिठ्ठी आली, मुलगी हुशार पण आळशी, वाचायला बसत नाही. माझं डोकंच फिरलं. दोन धपाटे घातले. म्हटलं, मे महिन्यात गावठाणातल्या क्रुसापुढे रोजरीची प्रार्थना असते ना, तिथे बायबलमधला शास्त्रपाठ तूच वाचणार! आठवडाभर रोज तिला तो वाचून दाखवला.

आणि वाचला की पोरीने, खणखणीत! अख्खं गावठाण जमलेलं. शेजारचे नेव्हिल अंकल म्हणाले, "झकास!" मी तर हवेतच.

घरी आल्यावर पपा म्हणाले, "तिला वाचता येत नाय."

"काय?"

"तोंड शेवटाला पोचलं, बोट पहिल्याच ओळीवर. पाठ केलंय तिने. पुस्तक काढलं की तिला शू लागते, पोटात दुखतं. काल ओळखलेलं अक्षर आज ओळखत नाय. चित्र बघून शब्द ठोकून देते. आळशी नाय गो ती, लपवते. मारू नको तिला."

"तुम्हाला काय कळतं त्यातलं, पपा?" मी फाडकन बोलले.

ते उठले. प्रार्थनेच्या पुस्तकातून घडी केलेला कागद घेऊन आले.

"मी पण तसाच. चौथीपर्यंत मार खाल्ला, मग शाळा सोडली. चष्मा कधीच विसरलो नाय मी. तुझ्या मम्मालाही कळू दिलं नाय. शेवटच्या दिवशी तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तिने हे लिहून दिलं. मी वाचल्यासारखं केलं, मान हलवली. ती हसली, मग दाराकडे बघत पडून राहिली. कशासाठी, कोणाला विचारू? तीन वर्षं कोणाला विचारू?"

कागदावर दोनच शब्द होते. 'क्लॅरीला बोलव.'

पपा माझ्या तोंडाकडे बघत होते. खोटंच काहीतरी सांगावं, असं मनात आलं. पण या घरात वाचल्याचं नाटक पुष्कळ झालं होतं. मी मोठ्याने वाचलं. मग आम्ही दोघंही खूप रडलो.

सोमवारी जोआनाला वाचायला का जमत नाही ते तपासायला अंधेरीला नेलं. पपा स्वतःहून आले. तिथल्या बाईंनी फॉर्म त्यांच्याच पुढे सरकवला. सवयीने त्यांचा हात खिशाकडे गेला, आणि थांबला.

"मला वाचता येत नाय," पपा म्हणाले. "हिलाही येत नाय. हिचं तरी वेळेत बघा."