डाळिंबांच्या बांधावरचं सफरचंद

आमच्या कवठे महांकाळकडे झाडाला पुरेशी थंडी मिळत नाही, म्हणून त्याला तहान देतात. दिवाळी उलटली की डाळिंबाच्या बागेचं पाणी बंद. पानं पिवळी पडतात, गळतात, आणि महिन्या-दीड महिन्यात बाग अशी दिसते की नवख्या माणसाला वाटावं, ही गेली. मग छाटणी करून पाणी सोडलं की फांद्या लालभडक फुलतात. याला ताण देणं म्हणतात. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, यात तरबेज. ताण कुठवर ओढायचा हे ते माती मुठीत दाबून ठरवतात, आणि त्यात कुणाचं ऐकत नाहीत.

माझा धाकटा भाऊ फौजेत होता. हिमाचलात असताना त्याच्या डोक्यात सफरचंद शिरलं. आबा म्हणाले, लावायचंच तर चिकू लाव, सीताफळ लाव, इथल्या हवेला मानवेल असं काहीतरी लाव. "हितं कुठली रं थंडी? सकाळी मफलर आन् दुपारी बनियन." पण भाऊ सुट्टीवर येताना ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या दोन काड्या घेऊनच आला. ही कमी थंडीत येणारी जात आहे, तुम्ही डाळिंबासारखा ताण द्या, उरलेली पानं हातानं काढा, मग बघा, असं त्याचं म्हणणं. आबा पोट धरून हसले. याला फळ आलं तर डोक्यावर पाटी घेऊन गावभर वाटीन, असं त्यांनी चारचौघांत सांगितलं. एका काडीला वाळवी लागली, दुसरी बांधावर रुजली.

पुढच्या पावसाळ्यात भावाची गाडी दरीत गेली. लढाई नव्हती, काही नव्हतं. रस्ता खचला. एवढ्यावर आमच्या घरातलं सगळं संपलं, आणि मला आजही त्या रस्त्याचा राग येतो. राग कुणावर काढावा तर समोर माणूस नाही.

त्यानंतर आबांनी एकच गोष्ट मनावर घेतली. त्या झाडाला फळ आलं पाहिजे. मुलाचं म्हणणं खरं ठरावं आणि आपलं खोटं, एवढंच त्यांना हवं होतं. बुंध्याभोवतीची माती मोकळी करणं, शेणखत, फांद्या आडव्या बांधणं, डाळिंबाबरोबर ताण देणं, सगळं केलं. मी साताऱ्याला असते. पूर्वी फोनवर 'बरी हाईस न्हवं' एवढं विचारून आईकडे फोन देणारे आबा आता हिवाळाभर विचारायचे, तुमच्याकडं थंडी पडली का, किती पडली. मी कधीकधी वाढवूनच सांगायचे. झाड मात्र हिरवंगार. डाळिंबं उघडीबोडकी होऊन फुलायची, आणि बांधावर ते एकटं पानांनी भरलेलं उभं. पानं काढली तरी पुन्हा पानंच फुटायची. गावातले म्हणाले, सफरचंद ते, त्याला बर्फ लागतो. मलाही ते पटलं होतं.

मागच्या हिवाळ्यात मी राहायला गेले होते. बागेचा ताण चालू होता. पहाटे जाग आली तर आई अंथरुणात नाही. मागच्या दारानं गेले, तर ती कळशी कमरेवर घेऊन बांधाकडे निघालेली. तिचे गुडघे गेलेत, पायरी उतरताना भिंत धरते, आणि कळशी काठोकाठ भरलेली. तिनं सगळं पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतलं आणि ओल्या मातीवर पालापाचोळा सारला. मी जवळ गेले तेव्हा दचकली नाही.

"त्यानं लावल्यालं हाय," ती म्हणाली. "डाळिंबाला ठिवा तान्हेलं. ह्याला मी न्हाई ठिवायची."

फुलासाठीच तहान द्यावी लागते, हे तिला मी काय सांगणार? तिचा सगळा जन्म त्या बागेत गेला. तिला फूल नकोच होतं. मुलानं लावलेलं झाड तहानलेलं नसावं, एवढंच हवं होतं. मी रिकामी कळशी घेऊन घरी आले आणि सकाळभर माझं कशात लक्ष लागलं नाही. एकाला फळ हवं, दुसरीला ओल हवी, आणि दोघंही एकाच पोरासाठी झुरतायत. गप्प बसले तर आबा असेच वाट बघत राहणार. बोलले तर आईच्या हातातली कळशी जाणार.

शेवटी दुपारी बागेत आबांना सांगितलं. ते डाळिंबाच्या खोडाची साल नखानं खरवडत होते. त्यांचा हात थांबला नाही.

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "पयल्या वर्सापास्नं."

मीच वेडी. मुठीत माती दाबून ओल सांगणाऱ्या माणसाला पालापाचोळ्याखालची ओल दिसणार नव्हती होय? मग बोलला का नाहीत, असं मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"मला वाटायचं, थंडीच लय पडली तर तिच्या पान्यानं काय बिघडायचं न्हाई. तुमच्याकडं पडली की हितंबी यील, म्हून तुला इचारायचो." नखातली साल झटकत ते म्हणाले, "आईला कसं सांगू गं, पोराला पानी देऊ नगं म्हून?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठिबकची बारीक नळी टाकीपासून थेट बांधापर्यंत ओढली. आजूबाजूची सगळी बाग कोरडी, आणि त्या एका बुंध्याशी पाणी थेंबथेंब पडायला लागलं. आई माझ्या मागोमाग आली. नळीकडे बघितलं, आबांकडे बघितलं, आणि बांधावरच बसली. भाऊ गेल्यापासून ती आबांच्या समोर रडली नव्हती, त्या दिवशी रडली. आबाही तिच्या शेजारी बसले.

यंदाही फूल आलेलं नाही. आबा आता फोनवर थंडीचं विचारत नाहीत.