अयूबभाईचे तीन डबे

चाळीस वर्षं मी नाटकांतून खाष्ट सासवा रंगवल्या. 'शी!' हा एवढासा उद्गार सतरा तऱ्हांनी म्हणता येतो, हे मला रंगमंचावर कळलं. अठरावी तऱ्हा सापडली ती अयूबभाईच्या दुकानात, त्याने मला पहिल्यांदा हिरवा चहा पाजला त्या दिवशी.

रत्नागिरीत धनजी नाक्याच्या मागच्या गल्लीत त्याचं एका शटरचं दुकान होतं. सगळी गल्ली तिथून चहाची भुकटी न्यायची. मीही पाव किलो भुकटी घ्यायलाच गेले होते. माझा चहा म्हणजे आलं ठेचून, गवती चहाची पात घालून, म्हशीच्या दुधात लाल होईस्तोवर उकळलेला. अयूबभाईने पुडी बांधली आणि म्हणाला, "बाई, तुमची नाटकं मी बघितलीत. जीभ तिखट आहे तुमची. माझं एक काम कराल?"

काम काय, तर फळीवरच्या तीन डब्यांतला चहा चाखायचा. एकात हिरवा, एकात काळा आणि मधल्यात ऊलाँग. भुकटी नव्हे, अख्खी सुटी पानं. दूध नाही, साखर नाही.

अयूबभाई मूळचा पूर्णगडचा. अठ्ठावीस वर्षं मालवाहू बोटींवर स्टुअर्ड होता. एकदा पूर्वेकडच्या कुठल्याशा बंदरात बोट दुरुस्तीला तीन आठवडे अडकली, तेव्हा तिथल्या एका म्हाताऱ्या चहावाल्याने त्याला पानं ओळखायला शिकवलं. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती. बाकीचे खलाशी गावी येताना घड्याळं नि अत्तरं आणायचे, हा पानं आणू लागला. त्याची बायको रझिया अजून सांगते, "लग्नानंतर पहिल्यांदा घरी आले ते बॅगेत पालापाचोळा घेऊन. मला वाटलं, कुणी करणी केली की काय ह्यांच्यावर."

मला त्याने आंब्यावरून समजावलं. "झाड एकच, बाई. हिरवा चहा म्हणजे कैरी. काळा म्हणजे पुरा पिकलेला हापूस. आणि ऊलाँग म्हणजे पाडाचा. कैरी नाही, आंबा नाही, मधलाच. तो साधणं सगळ्यात कठीण."

ऐकायला इतकं गोड, की मी विश्वासाने कप उचलला. हिरवा चहा म्हणजे मीठ विसरलेल्या माठाच्या भाजीचं पाणी. काळा म्हणजे गंजलेल्या खिळ्यांचा काढा. आणि तो पाडाचा ऊलाँग? नव्या सागवानी कपाटात तोंड घालून कपाट चाटावं, तसा. मी हे सगळं त्याच्या तोंडावर सांगितलं. तो असा खुलला, की जणू मी त्याला हार घातला.

"लोक माझ्यासमोर वा वा करतात नि मागच्या मागे कुंडीत ओततात," तो म्हणाला. "तुम्ही शिव्या देता. शिव्या देणारी जीभ खरं चाखते."

तेव्हापासून दर शुक्रवारी, जुम्म्याची नमाज पढून तो दुकान उघडायचा आणि मी हजर व्हायचे. तीन पांढरे कप रांगेत. त्याचं चाखणं बघणं ही शिक्षाच. चमचाभर चहा तो असा फुरका मारून ओढायचा, की पहिल्या रांगेतून कुणी तसा आवाज काढला असता तर मी प्रयोग थांबवला असता. वर तोंडात खळखळ घोळवून शेजारच्या वाडग्यात पचकन थुंकायचा. मी तोंड फिरवून बसायचे. मग तो विचारायचा, "कसा?" आणि मी म्हणायचे, "शी." मात्र त्या शीमध्ये आज काय वेगळं होतं, पाणी जास्त कढलं की पानं जुनी झाली, हे त्याला बरोबर कळायचं. मलाही हळूहळू कळायला लागलं. आवडलं मात्र कधीच नाही.

चार वर्षं हे चाललं. ती पानं विकत घेणारे म्हणाल तर डॉक्टरांनी सांगितलं म्हणून औषधासारखा हिरवा चहा नेणारे दोघे-तिघे मधुमेही. यंदा मुलगा फैझान मस्कतहून कायमचा परत आला. पोरगा वाईट नाही, पण त्यालाही पोट आहे. तो बापाला म्हणाला, "अब्बा, नुसत्या भुकटीवर घर चालत नाही. गणपतीपर्यंत थांबतो. तोवर तुमच्या पानांना गिऱ्हाईक मिळालं तर दुकान तुमचं. नाही मिळालं तर तिथे मी मोबाईलचं सामान लावीन."

अयूबभाई वाद घालणाऱ्यांतला नव्हे. त्याने गिऱ्हाईक शोधलं. समुद्रकाठी नवं रिसॉर्ट झालं होतं, तिथल्या व्यवस्थापकाला पाहुण्यांसाठी तीन तऱ्हांचा चहा हवा होता. पसंत पडला तर दर महिन्याला घेणार. अयूबभाईने उन्हाळ्यातच ताजा ऊलाँग मागवून ठेवला होता, कागदी पिशव्यांतून आलेला. दुकानाच्या भिंतींना पावसात ओल येते, म्हणून त्या पिशव्या त्याने घरी नेल्या. "घरातल्या सगळ्यात कोरड्या जागी ठेवल्यात," असं मला अभिमानाने सांगितलं. कुठे, ते मी विचारलं नाही.

श्रावणातल्या एका सकाळी फैझानच्या गाडीतून आम्ही निघालो. वाटेत अयूबभाई मागे वळून म्हणाला, "बाई, आज काहीही म्हणा, पण खरं म्हणा. तिथे माझी जीभ घाबरेल, तुमची घाबरणार नाही."

रिसॉर्टच्या दारातच मी नाकाला पदर लावला. जिवंत समुद्र समोर असताना आत लिंबाच्या वासाची मेणबत्ती लावलेली! व्यवस्थापक विनीत पुण्याचा, तिशीतला, सारखा हसणारा. अयूबभाईने कप मांडले. हिरवा झाला, काळा झाला. विनीतने माना डोलावल्या. मग आजच्यासाठी न फोडता राखलेल्या पिशवीतल्या ऊलाँगवर पाणी पडलं आणि वाफ वर आली.

सुका बांगडा!

मी रत्नागिरीची. सुक्या बांगड्याचा वास मला झोपेतही कळेल. भाजलेल्या बांगड्यावर मी जीव टाकते, भाताबरोबर. पण कपातून? कोमट, पातळ, तपकिरी पाण्यातून, मागून बोंबलाची झाक घेऊन? घोट तोंडात गेला आणि माझ्या पोटाने पडदा पाडायची घंटा दिली. थुंकायला वाडगा समोरच होता. पण खांबाला टेकून फैझान उभा होता, बापाकडे बघत. मला ते शटर दिसलं, त्यावर मोबाईलच्या जाहिराती दिसल्या. मी घोट गिळला. चेहऱ्यावर प्रसन्न भाव आणला आणि म्हटलं, "वा!"

विनीतने डोळे मिटले. "काका, हे काय आहे! धुराची चव आहे ह्याला! स्मोकी! असं मी कुठेच प्यायलो नाही. हाच घेऊ आपण."

फैझान हसला. अयूबभाईने मात्र अजून चाखलं नव्हतं. त्याने चमचा उचलला, फुरका मारला आणि अर्ध्यातच थांबला. घरात त्याला हा वास कधी आला नसणार. जन्मभर ज्या वासात झोपलो, तो घरात कुणाला येतो? इथे, मेणबत्तीच्या लिंबात, तो त्याला पहिल्यांदा आला. त्याने माझ्याकडे बघितलं.

"बाई, कसा?"

"छान आहे."

"परत सांगा."

"छान आहे रे, अयूबभाई."

तो पचकन वाडग्यात थुंकला. विनीत दचकून मागे सरकला.

"साहेब, हा धूर नव्हे. माझ्या घरचा सुका बांगडा आहे. पानांना लागलाय."

विनीतने कपात पुन्हा नाक घातलं. मग हसूच लागला. "असू दे की! इथे येणाऱ्या पाहुण्यांना काय कळतंय? आपण यादीत लिहू, कोकणी स्मोक्ड ऊलाँग. उलट जास्त भावाने जाईल."

बांगड्याच्या चहाने जे झालं नाही, ते ह्या वाक्याने झालं. मला खरोखर उमासा आला.

अयूबभाई कप पुसत म्हणाला, "पाहुण्यांना बांगडा खायचा असेल, तर तुमच्याकडे आचारी आहे, साहेब." आणि त्याने सगळं पिशवीत भरलं.

परत येताना अयूबभाईने पिशवी मांडीवर धरली होती. नाक्यापाशी आल्यावर तो म्हणाला, "चार वर्षं शिव्या दिल्यात, बाई. ज्या दिवशी शिवी हवी होती, त्या दिवशी गिळलीत." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. नाटकात मी माणसांना विष घातलं आहे, सुनांना जाळलं आहे, पण माझ्याच तोंडाची अशी किळस मला कधी आली नव्हती. तो बांगड्याचा घोट रात्रीपर्यंत वर येत राहिला आणि त्याच्याबरोबर माझं ते 'वा'.

दुसऱ्या दिवशी मी रझियाकडे गेले. ती चुलीवरच्या माळ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "पावसात घरात दुसरी कोरडी जागा आहे कुठे? आगोटीची, पावसाळ्याच्या बेगमीची सुकी मासळी आम्ही तिथेच भरतो, सगळेच भरतात. मीच बांगड्यांची टोपली सरकवून त्यांच्या चहाला जागा करून दिली. भल्यासाठीच केलं ना, बाई?"

भल्यासाठीच केलं होतं तिने. मीही.

गणपतीनंतर दुकानात रंगीबेरंगी कव्हरं लटकली. फैझानने बापाला एक फळी देऊ केली होती, पण तिथे नव्या प्लास्टिकचा वास मारत होता. अयूबभाई तीन डबे पिशवीत घालून घरी निघाला होता, त्याच माळ्याकडे. मी त्याला गल्लीत अडवलं.

"माझ्याकडे ठेव. काचेचं कपाट आहे."

"त्यात तुमच्या नाटकांतल्या बक्षिसांच्या ढाली आहेत."

"ढालींना वास नसतो."

तो आला. कपाट हुंगलं, पसंतीची मान हलवली. मग स्वयंपाकघराच्या दारात थांबला आणि नाक वर केलं. ओट्याखाली माझी सुकटीची बरणी होती, शेजारी सोडे, वर्तमानपत्रात बांधलेले बोंबील. यंदाची आगोट, अर्धीही संपली नव्हती.

"हे, बाई?"

मी ओट्याखाली वाकले. सगळं एका टोपलीत भरलं आणि त्याच्या हातात दिलं. "रझियाला दे."

"आणि पुढच्या पावसाळ्याला?"

"भरणार नाही."

तो टोपलीकडे बघत राहिला. कोकणातल्या बाईने सुकी मासळी घराबाहेर काढायची म्हणजे काय, हे त्याला सांगावं लागत नाही. त्याने तिन्ही डबे मांडले, जिथे माझ्या ढाली होत्या तिथे.

पुढच्या शुक्रवारी नमाज पढून तो आला. ऊलाँग नवा मागवलेला होता. पाणी मी तापवलं, तीन कप मी मांडले. घोट घेतला. तेच सागवानी कपाट, तेच चाटणं.

"कसा?" त्याने विचारलं.

"शी! आणि ह्याच्यासाठी मी बोंबील घालवले?"

त्याने लांबलचक फुरका मारला, डोळे मिटून चहा तोंडात घोळवला, मग इकडेतिकडे बघितलं. वाडगा आणायला तो विसरला होता. मी काही बोलायच्या आत त्याने ढालींच्या ढिगातून माझ्या सत्काराची चांदीची वाटी उचलली, तिच्यात पचकन थुंकला आणि म्हणाला, "बरोबर. पाणी जरा जास्त कढलं."