साडूभाऊंचा कॉपीबंदोबस्त

दोन माणसं शेजारी बसली की त्यांतलं एक दुसऱ्याचं पाहून लिहिणार, यावर माझ्या साडूभाऊंइतका गाढ विश्वास असलेला माणूस नागपुरात दुसरा नसेल. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतात. शिकवतात असं म्हणायचं. मनापासून करतात ते सुपरव्हिजन. नागपूरच्या कडेला बेसा भागात आम्ही घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीच्या जेवणाला पाटांमधलं अंतर त्यांनी स्वतः पावलांनी मोजून ठरवलं होतं. सख्खे भाऊ शेजारी नकोत, मावसबहिणी एका ओळीत नकोत. माझ्या सासऱ्यांनी शेजाऱ्याच्या ताटात डोकावून “वडाभात इकडे आला नाही का?” असं विचारलं, तर मागून आवाज आला, “मामाजी, आपल्या पानाकडे पाहा.” सासरे बिचारे मान खाली घालून जेवले.

परीक्षेच्या हॉलमध्ये चाहूल लागू नये म्हणून ते रबरी तळाचे कॅनव्हासचे बूट घालतात. पुढेपुढे ही चाल घरातही आली. ताई, म्हणजे माझी ही मेहुणी, फोडणी टाकत असायच्या आणि हे मांजरासारखे मागे येऊन उभे राहायचे. एकदा ताईंच्या हातून मोहरीचा डबाच पडला. “अहो, मी भाजी करून राहिली, कॉपी नाही!” असं त्या ओरडल्या आणि तेव्हापासून खोकल्याशिवाय स्वयंपाकघरात यायचं नाही, असा नियम झाला. मला स्वतःला मात्र त्यांच्यासमोर बसायची कायम धास्ती. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षी पुढच्या बाकावरच्या मित्राने माझ्यावर दया करून आपली पाठ जराशी डावीकडे कलती ठेवली होती. साडूभाऊ माझ्याकडे टक लावून पाहू लागले की मला वाटतं, यांना ते कळलं.

पकडलेल्या चिठ्ठ्या ते फेकत नाहीत. बाहीतून, मोज्यातून, कंपासपेटीच्या झाकणातून, एकदा तर केळीच्या सालीतून निघालेली प्रत्येक चिठ्ठी ते घरी आणतात आणि लाल पेनाने तपासतात. कारवाई व्हायची ती होतेच, पण परीक्षा संपली की चिठ्ठी मालकाला परत मिळते, शेऱ्यासकट. ‘अक्षर सुरेख. दुसरा मुद्दा चूक. एवढ्या मेहनतीत धडा पाठ झाला असता.’ मुलं हे शेरे एकमेकांना दाखवत हिंडतात म्हणे.

हल्ली मुलं मोबाईलला विचारून घरचा अभ्यास लिहितात, त्यावरही त्यांचा इलाज आहे. एका मुलाने ‘नागपूरची अर्थव्यवस्था’ या विषयावर बारा पानं लिहून आणली आणि त्यात एक परिच्छेद इथल्या मासेमारी बंदराच्या योगदानावर होता. साडूभाऊ रागावले नाहीत. त्यांनी हेल्मेट उचललं आणि म्हणाले, “चाल गा, दाखव मले बंदर.” मुलाला स्कूटरवर मागे बसवून ते फुटाळ्याला गेले. तलावाच्या काठावर दोघांनी भुट्टे खाल्ले. तासभर पाण्याकडे पाहिल्यावर मुलगा म्हणाला, “सर, मी पुन्हा लिहितो.” त्याने तिथल्याच भुट्टेवाल्याशी बोलून चार पानं लिहिली आणि साडूभाऊंनी ती मला दोनदा वाचून दाखवली.

असा हा माणूस एका मुलाचं वर्ष बुडवायला निघाला होता, ती हकिगत मला त्यांनीच सांगितली. त्यांचं कॉलेज स्वायत्त. पेपर काढणारे तेच, तपासणारेही तेच. शेवटच्या वर्षाचे पेपर तपासताना मागणीच्या नियमावरची दोन उत्तरं त्यांना शब्दन्‌शब्द सारखी आढळली. एक वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीचं, दुसरं हिंगण्याच्या कंपनीत शिफ्ट करून शिकणाऱ्या मुलाचं. इतकंच असतं तर ठीक, पण दोन्ही उत्तरांच्या मधोमध एक विचित्र वाक्य होतं: ‘हे दरवर्षी येते, याच्याखाली रेघ मारा.’ असलं वाक्य दोन शहाणी माणसं आपापल्या डोक्याने लिहूच शकत नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मुलगी मुलाच्या पुढच्याच बाकावर होती, तेव्हा कुणी कुणाचं पाहिलं याचाही निकाल लागला. त्यांनी मुलाविरुद्ध रिपोर्ट दिला. पदवी हाती आली की कंपनी त्याला मशीनवरून काढून स्टोअरच्या टेबलावर घेणार होती. पेपर रद्द झाला असता तर ते टेबल दुसऱ्याला गेलं असतं.

चौकशी समितीपुढे मुलगा कंपनीच्या निळ्या शर्टातच आला. “मी पाहून नाही लिहिलं जी, पाठ केलं,” एवढंच तो सांगत राहिला. “काय पाठ केलं? म्हणून दाखव,” साडूभाऊ गरजले. मुलाने डोळे मिटले आणि सुरुवात केली. व्याख्या झाली, गृहीतके झाली, आणि त्याच लयीत, श्वास न घेता तो म्हणाला, “हे दरवर्षी येते, याच्याखाली रेघ मारा.” मग पुढे कोष्टक. प्राचार्यांनी विचारलं, “हे कोठून आलं मधातच?” मुलगा म्हणाला, “सर लिहून देत होते ना, तवा म्हणाले होते. मी कामावरून येतो, डोयावर झोप राह्यते. सर जे बोलले, ते सारं लिहून घेतो.” वर्गात पहिली येणारी ती मुलगी तर साडूभाऊंचा खोकलाही लिहून घेईल, अशी.

आपण गेली कित्येक वर्षं एकाच वहीतून त्याच जागी तेच वाक्य बोलत आलो आहोत, हे साडूभाऊंना तेव्हा कळलं. प्राचार्य म्हणाले, “जाऊ द्या सर, रिपोर्ट फाडून टाकू, कोणाले समजत नाही.” पण पकडलेल्या प्रत्येक मुलाकडून स्वतःच्या अक्षरात कबुली लिहून घेणारा हा माणूस. त्यांनी कागद ओढला, ‘मुलाने नक्कल केलेली नाही. चूक माझी आहे,’ असं लिहून सही केली आणि तो कागद स्वतःच नोटीस बोर्डावर लावून आले. मला हे ऐकताना त्यांचा इतका अभिमान वाटला की बी.कॉम.ची ती कलती पाठ मी तिथल्या तिथे त्यांना सांगून टाकली. त्यांचं लक्षच नव्हतं, ते अजून त्या चौकशीच्या दिवसातच होते.

कारण व्हरांड्यात त्यांनी त्या मुलाला थांबवून विचारलं होतं, “बरं, आता हाच नियम तुह्या शब्दात सांग.” मुलाने सवयीने डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. मग म्हणाला, “माह्या शब्दात आजवर कोणी विचारलंच नाही, सर.” ते वाक्य साडूभाऊंना फार लागलं. ती जुनी वही त्यांनी रद्दीत घातली. मुलगा पास झाला, त्याला टेबलही मिळालं. तरी साडूभाऊंनी त्याला सुटीच्या दिवशी घरी बोलावणं सुरू केलं आणि तोही येऊ लागला.

गेल्या रविवारी मी तिथे होतो. साडूभाऊ या उन्हाळ्यात निवृत्त होतायत, ताई त्याच काळजीत चहा गाळत होत्या. मुलगा अडखळत बोलत होता. “किंमत वाढली की माणूस कमी घेते, हे बरोबर आहे. पण सर, मे महिन्यात कूलर महाग होते, तरी घेतेच ना बाप्पा? म्हणजे हा नियम नागपुरात मे महिन्यात बंद राह्यते.” मी साडूभाऊंच्या लाल पेनाकडे पाहिलं. ते खिशातच होतं. मुलाला फाटकापर्यंत सोडून ते परत आले.

“चुकलं ना त्याचं?” मी विचारलं.

“साफ चुकलं,” ते म्हणाले. “पण कोणाचं पाहून नाही चुकला, साडूभाऊ. इतकी वर्सं शिकवलं, असा चुकणारा पोरगा मले आता जाता जाता भेटला.”