दाजींचा फ्रेंचमधला सौदा

ज्या उन्हाळ्यात लातूर शहराला रेल्वेने पाणी आलं, त्या उन्हाळ्यात आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, वयाची पंचावन्न वर्षं उलटल्यावर फ्रान्समधल्या लियॉन शहरी गेले आणि तिथे फ्रेंच शिकले. उदगीरच्या आडत बाजारात इतकं कमी बोलून इतका माल विकलेला दुसरा माणूस झाला नाही, असं मी अनेकांकडून ऐकलं आहे, आणि माझ्या पाहण्यातही ते खोटं ठरलेलं नाही. त्यांच्या वडिलांच्या काळी तुरीचा, हरभऱ्याचा भाव तोंडाने बोलत नसत. आडत्या शेतकऱ्याच्या वतीने उभा राही, समोर खरेदीदार. दोघांच्या हातांवर रुमाल पडे आणि रुमालाखाली बोटं धरून भाव ठरे. हात सुटला की सौदा झाला. पुढे उघडे लिलाव आले, तरी दाजींचं तोंड उघडलं नाही. घरातही तोच कारभार. भाजीत मीठ कमी पडलं की ते अक्काकडे बघून हवेतच चिमूट सोडत. अक्का म्हणायची, "तोंड हाय का तुमाला, का ते बी आडतीवर ठिवून आलात?" दाजी यावर मान हलवत. ती होकारार्थी होती की नकारार्थी, हे घरात कधी नक्की झालं नाही.

अक्का आदल्या वर्षी वारली. त्यांची एकुलती मुलगी लियॉनला शिकायला गेली होती आणि तिथल्याच एका इंजिनिअरशी लग्न करून राहिली होती. तिला मुलगा झाला. आमच्या लिंगायत घरांत मूल जन्मलं की थोड्याच दिवसांत स्वामींना बोलावून त्याच्या गळ्यात इष्टलिंग बांधतात. अक्काने आजारपणातच पहिल्या नातवंडासाठी लिंगाची चांदीची डबी घडवून घेतली होती. जळकोटच्या स्वामींनी लिंग दिलं, दोरा अक्काने स्वतः वळला. पण भाचीच्या सासूबाई, ज्या त्याच घरात राहतात, निवृत्त परिचारिका होत्या. तान्ह्या मुलाच्या गळ्यात दोरा नको, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. भाचीने फोनवर वडिलांना कळवलं, "अप्पा, मी मधी पडणार न्हाई. मला त्यांच्यासंगं रोज राहायचंय."

"नको पडू," दाजी म्हणाले. "मी येऊन विचारतो."

"तुमाला फ्रेंच कुठं येतंय?"

"शिकतो."

मी त्यांना समजावून पाहिलं. मुलगी घरात आहे, जावई आहे, कोणीही दुभाष्याचं काम करील, असं म्हणालो. दाजी मला नेहमी 'बातमीदार' म्हणत. "बातमीदार," ते म्हणाले, "जन्मभर दुसऱ्याच्या मालासाठी मी मधी हुबा राहिलो. आपल्या मालाला आडत्या कशाला?" त्यांच्या तोंडून मी तोवर ऐकलेलं हे सगळ्यांत लांब बोलणं.

पुढचं बरंचसं भाचीने सांगितलेलं आहे. दाजींनी त्याला दुजोरा दिला नाही आणि ते नाकारलंही नाही. नगरपालिकेच्या वाचनालयात परदेशी लोकांसाठी भाषेचा वर्ग चालायचा. दाजी तिथे धोतर, कोट आणि खांद्यावर रुमाल अशा वेशात पहिल्या बाकावर बसत. तास सुरू होताना बाई प्रत्येकाला विचारत, आज काही चांगलं घडलं का? दाजींचं उत्तर रोज एकच असे, "आज पाणी आलं." बाईंनी काही दिवस ऐकून घेतलं आणि मग सांगितलं की इथे पाणी रोजच येतं. दाजी म्हणाले, "म्हणून रोज सांगतो." घरीही विहीणबाई भांडी विसळू लागल्या की ते मागे उभे राहत आणि त्यांचा हात नळापासून दूर झाला की लगेच नळ बंद करत. आंघोळीचं पाणी बादलीत धरून गॅलरीतल्या कुंड्यांना घालत. विहीणबाईंचा एक निवडुंग त्यात गेला. त्यांनी तो कुंडीसकट दाजींच्या खोलीसमोर नेऊन ठेवला आणि काही बोलल्या नाहीत. न बोलता केलेला व्यवहार दाजींना पटत असे; ते त्यांना मानू लागले, ते बहुधा तेव्हापासून.

वर्गात एकदा जोड्या लावून फळबाजारातलं संभाषण करायचं होतं. दाजींच्या वाट्याला एक सीरियन शिंपी आला. दाजी उठले, त्याचा हात धरला, वर रुमाल टाकला आणि थोड्याच वेळात रुमाल काढून खाली बसले. बाईंनी विचारलं, संभाषण कुठे आहे? शिंप्याने सांगितलं की सफरचंदं घेतली आणि भावही बरा मिळाला. दाजींना त्या आठवड्यात नापास केलं गेलं. गाव कोणतं, या प्रश्नालाही त्यांचं उत्तर ठरलेलं होतं: उदगीर, जिल्हा उदगीर. उदगीरचा वेगळा जिल्हा होणार, अशी बोलवा त्या काळात जोरात होती. सौदा होईतो भाव न सांगणाऱ्या या माणसाने एवढी एकच गोष्ट होण्याआधी जाहीर केली. त्यांच्या माघारी घोषणा झालीच तर पेढे कुठून आणायचे, हे मला सांगून ठेवलेलं होतं. फोनवर ते पहिल्यांदा विचारत, "पानी आलं का?" मग, "जिल्हा झाला का?" मी दोन्हीला नाही म्हटलं की फोन ठेवत.

विचारणं झालं ते थंडी पडू लागली तेव्हा, एका रविवारी जेवणानंतर. भाची बाळाला घेऊन शेजारच्या खोलीत होती. काही झालं तरी यायचं नाही, असं तिला बजावलेलं होतं. दाजींनी खांद्यावरचा रुमाल काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. मग उभे राहून ते फ्रेंचमध्ये बोलले. ही डबी माझ्या बायकोने केली. ती आजारी होती. तिने मूल पाहिलं नाही. आमच्यात हे गळ्यात असलं की माणूस एकटा नसतो. मी तुम्हाला स्वतः विचारतो आहे.

विहीणबाईंनी डबी हातात घेतली. दोरा दोन्ही हातांत धरून ताणला.

"हा तुटतो का?"

"नाही," दाजी म्हणाले. "माझ्या बायकोने वळला आहे."

"मला त्याचीच भीती वाटते."

विहीणबाईंनी दोरा डबीभोवती गुंडाळला. मग त्या म्हणाल्या, ज्या दिवशी हा मुलगा या दोऱ्याची गाठ स्वतःच्या हाताने सोडील, त्या दिवशी तुम्ही त्याच्या गळ्यात बांधा. मी नाही म्हणणार नाही. भाचीच्या म्हणण्याप्रमाणे दाजींनी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी हात पुढे केला, विहीणबाईंनी तो धरला आणि सोडला.

परतायच्या आदल्या दिवशी भाचीच त्यांच्याकडे आली. सासूबाई बाजारात गेल्या होत्या. "अप्पा, फोनवर स्वामींना दाखवून घटकाभर बांधू अन् सोडू. आईचं तेवढंच ऱ्हाईल. त्यांना काय कळतंय?"

"हात सुटलाय, बाई," दाजी म्हणाले.

डबी त्यांनी विहीणबाईंच्या स्वाधीन केली.

उदगीरला आल्यावर भावकीने त्यांना मोकळं सोडलं नाही. थोरल्या चुलत्यांनी सर्वांदेखत विचारलं, "इतकं लांब गेलास, अन् पोराला लिंग न्हाई बांधलास. मग शिकलास तरी काय?" दाजी म्हणाले, "तिचं म्हननं मला कळालं, तेवढं शिकलो." त्यानंतर त्या दोघांचं बोलणं बंद होतं. चुलते वारले तेव्हाही ते सुरू झालेलं नव्हतं.

दर रविवारी दाजी आडतीवरून लियॉनला फोन लावतात आणि विहीणबाईंशी फ्रेंचमध्ये बोलतात. आडतीवरचा जुना हमाल मला म्हणाला, "अप्पा आता लई बोलायलेत, साहेब. पर आमाला कळना गेलंय." देवघरात अक्काच्या फोटोपुढे तशीच गाठ मारलेला एक दोरा आहे. तो दाजींनी वळला आहे.

मुलगा आता तीन वर्षांचा आहे. गेल्या रविवारच्या फोनवर विहीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे तो बुटाची नाडी स्वतः सोडतो. डबीच्या दोऱ्याची गाठ त्याला अजून सुटलेली नाही. उदगीर जिल्हा झालेला नाही.