एक जना सोडून

आमच्या नवीन पनवेलच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या काकांचं ठाम मत होतं, की या शहरात कुणालाच काहीही येत नाही. आणि या न येणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव त्यांनी स्वतःचं घातलं होतं. संगणकाच्या ज्या भाषेवर त्यांनी एका सरकारी कचेरीत जन्म काढला, तिच्याबद्दल विचारलं तरी "ओळख आहे" एवढंच म्हणत. काका बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. भावंडं केव्हाच इस्रायलला गेली, हे राहिले, कारण "तिथली भाषा येत नाही." हाच माणूस रोज सकाळी त्याच भाषेतली प्रार्थना पुस्तक न उघडता म्हणायचा! हे त्यांच्या तोंडावर सांगितलं तर उत्तर तयार, "म्हणता येते. येत नाही." शुक्रवारी दिवे लागले की त्यांच्या कॉम्प्युटरवर चादर पडे, ती शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत. "पूर्वज शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे. माझा घाणा हा," म्हणत आणि खुर्ची भिंतीकडे वळवून ठेवत.

स्टेशनजवळच्या एका क्लासने 'पंचेचाळीस दिवसांत भाषेवर प्रभुत्व' अशी पाटी लावली, तेव्हा काका सरळ आत शिरले आणि शिकवणाऱ्याला म्हणाले, "शेचाळिसाव्या दिवशी काय होतं?" दुसऱ्या मजल्यावरचा इंजिनिअर जिन्यात सापडला की त्याच्यापुढे चार ओळींचा प्रोग्राम धरायचे. "हे काय करतं ते नको सांगूस. तुझी पाठ वळल्यावर काय करतं, ते सांग." तो पोरगा आता गच्चीवरचे कपडेसुद्धा आईला आणायला लावतो. मला ते 'पत्रकवाले' म्हणत. मी पत्रकं लिहितो, वाटतो, आणि ज्याच्याविरुद्ध लिहितो त्याच्या दारात जाऊन वाचतो. काका प्रत्येक पत्रक वाचून उद्गारचिन्हं मोजत. "एवढी खात्री कुठून आणता हो?" असं विचारत. मला राग यायचा. ज्यांच्या घरावर भराव पडतो त्यांना खात्री नको, तर कुणाला हवी?

गव्हाणकडच्या एका खाडीकाठच्या वाडीवर असाच भराव पडला. उठवलेल्या प्रत्येक सज्ञान माणसाचा नव्या वस्तीत घरावर वेगळा हक्क, असा नियम होता. यादी लागली, तर त्यात जनाबाईंचं नाव नाही. विधवा बाई, खाडीत उभं राहून मासळी धरण्यात कंबर गेलेली. मी रात्रीत पत्रक काढलं, 'बाईचं नाव खाल्लं कुणी?' आणि यादी करणाऱ्या टेबलावरच्या कारकुनाला थेट चोर म्हटलं. जनाबाईंना घरी आणलं, तेव्हा काका चहाला बसले होते. त्यांनी पत्रक डोळ्यांपुढे धरलं.

"माझ्या दिराचं नाव हाय, जावेचं हाय," जनाबाई म्हणाल्या. "माझंच नाय. म्हंजे मी काय दिराच्या पोटात ऱ्हाते?"

मी हसलो. काका हसले नाहीत. "बाई, दिराचं नाव काय?"

"जनार्दन. का वो?"

काकांनी कप खाली ठेवला. पत्रक उलटं करून दोन नावं शेजारी शेजारी लिहिली. यादीतली दुबार नावं गाळणारा प्रोग्राम याच कचेरीत त्यांनीच तीस वर्षांपूर्वी लिहिला होता. त्याला हात लावायची कुणाची छाती नाही, म्हणून कचेरी अजून तोच चालवते. "या भाषेतलं 'बरोबर'चं चिन्ह फार आळशी आहे," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "उजवीकडचं नाव संपलं की पुढे बघतच नाही. जनार्दनपुढे जना ठेवली, तर दोघं एकच माणूस, मागचं नाव गळतं. जनापुढे जनार्दन ठेवला, तर वेगळी."

"आणि आधी कुणाचं नाव?"

"कुटुंबप्रमुखाचं. घरातल्या पुरुषाचं." मग त्यांनी जनाच्या नावाखाली रेघ ओढली. "नेमकं जुळव, असं सांगणारी एक ओळ वर लिहायची असते. माहीत होती मला."

माझ्या पत्रकातल्या शत्रूला नेहमी केबिन असते. या वेळी तो माझ्याच घरात, माझ्या आईच्या हातचा चहा पीत बसला होता. कारकुनाची माफी मी दुसऱ्या दिवशी मागितली. पुढची माफी कुणाकडून घ्यायची, ते कळेना.

आम्ही यादीवर हरकत नोंदवली. सुनावणीला काका साक्ष द्यायला इस्त्रीचा शर्ट घालून आले. अधिकाऱ्याने छापील नमुना पुढे सरकवला, 'सदर संगणकीय भाषा मला पूर्णपणे अवगत आहे.'

"हे खोटं आहे," काका म्हणाले.

"मग तुमच्या सांगण्याला अर्थ काय, आजोबा? न येणाऱ्या माणसाची साक्ष घेऊ?"

मी टेबलावर हात आपटला. जनाबाईंनी मला मागे ओढलं. "लिवा ना, दादा," त्या काकांना म्हणाल्या. "तुमाला येतंय म्हणून चुकलं. आमाला येत नाय, आमच्याकडनं कदी चुकलंच नाय." काका वाकले, काहीतरी खरडलं, सही केली. मला वाटलं, जिंकलो.

महिन्याभराने उत्तर आलं: तज्ज्ञाचं विधान स्वतःशीच विसंगत, सबब हरकत अमान्य. सोबत नमुन्याची प्रत. 'पूर्णपणे अवगत आहे' च्या पुढे काकांच्या बारीक अक्षरात तीन शब्द होते: 'एक जना सोडून'.

जनाबाई फोनवर एवढंच म्हणाल्या, "खरंच लिवलंय त्यांनी. पन खऱ्याला छप्पर नसतं, पोरा."

मी प्रत मुठीत धरून तीन मजले चढलो. आयुष्यात कुणाशी भांडलो नाही, तसं भांडणार होतो. तुमच्या प्रामाणिकपणाचं भाडं त्या बाईने का भरायचं, हे वाक्य जिन्यातच तयार झालं होतं. दार उघडंच होतं. आत दिवे लागले होते. कॉम्प्युटरवरची चादर घडी घालून बाजूला ठेवलेली, आणि काका पडद्याला नाक लावून बसलेले. वर ती एक ओळ घातली होती. खाली जनार्दन, त्यापुढे जना. पडद्यावर उत्तर होतं: वेगळी. यादी लागून गेली होती, हा दुरुस्त प्रोग्राम आता कुणी चालवणार नव्हतं.

"काका, आज शुक्रवार आहे."

"माहीत आहे," ते म्हणाले. मग खुर्ची माझ्याकडे वळवली. "बसा पत्रकवाले. अपील करू. लिहा: मला ही भाषा येते."

मी थांबलो. पुढे एखादं 'सोडून' येईल म्हणून पेन उचलून धरलं. आलं नाही. ज्या हाताने मी तोवर हजार उद्गारचिन्हं दिली, त्या हाताने मी तिथे पूर्णविराम दिला.

अपिलाचं उत्तर अजून आलेलं नाही.