मोकळ्या मैदानातही शेरू कॉरिडॉरएवढाच पळाला

मंडळी, सकाळपासून डोकं फिरलंय.

आमचा कुत्रा शेरू, ग्रेट डेन. शेजारच्या अक्कांचा भीमा सेंट बर्नार्ड, त्यांच्या गावच्या मळ्यात वाढलेला. वेग कुणाचा, दम कुणाचा, हा वाद आमच्या व्हाइटफील्डच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये रोजचाच. आज दोघांना गाडीत कोंबून शहराबाहेर देवनहळ्ळीजवळ, प्लॉट पाडलेल्या एका रिकाम्या लेआउटवर नेलं. घरं नाहीत, कुंपण नाही, नुसतं गवत.

पट्टे सोडले. शेरू असला सुटला की मी ओरडलोच, "बघा अक्का!"

तेवढ्यात तो गपकन थांबला आणि मागे वळला. पुन्हा सोडला, पुन्हा तिथूनच वळला. भीमा मात्र डुलत डुलत पार टोकाच्या झाडापर्यंत जाऊन आला.

"दमला बिचारा. भीमा जिंकला, सरी? बरोबर ना?" अक्का म्हणाल्या.

दमला कुठं? साधी धापही नव्हती! मग लक्षात आलं, आमच्या मजल्यावरचा कॉरिडॉर बरोबर एवढाच आहे. पिल्लू असल्यापासून मी त्याला तिथंच पळवतोय, वर व्यायाम होतो म्हणून मिरवतोय.

मी स्वतः पुढे पळालो, हाका मारल्या. नसलेल्या भिंतीपाशी उभा राहून तो नुसता शेपूट हलवत राहिला.

फ्लॅटमध्ये मोठी कुत्री पाळणाऱ्यांनो, खरं सांगा, ही भिंत जाते का हो कधी?